झाकणाआडचा सेल

सेल उतरायला लागले की आशाबाई आधी दमल्यासारख्या वाटायच्या. मग त्यांचा आवाज घोगरा, पुरुषी व्हायचा आणि तबला चिखलातून चालल्यासारखा जड पावलांनी यायचा. साध्या वॉकमनची मोटर सेलच्या जोरावर फिरते. जोर घटला की फीत रेंगाळते आणि फीत रेंगाळली की सूर खाली येतो. १९८९ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी भावंडांत पैज लागायची: हे कडवं पुरं होतंय की नाही? हरेल त्यानं गुलमंडीवरून सेलची नवी जोडी आणायची.

वॉकमन मामानं दुबईहून आणलेला. शहरात त्या काळी असली चीज यायची ती आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटमधून. सोनीनं पहिला वॉकमन जपानात १ जुलै १९७९ ला विकायला काढला. किंमत ३३ हजार येन, आत दोन पेन्सिल सेल. आमच्याकडे वॉकमन पोचला तो दहा वर्षांनी, तोही मामानं वर्षभर वापरून झाल्यावर. फुकट मिळाला म्हणून सगळे खूश होते. त्याचं खाणं महाग आहे, हे आठवडाभरात कळलं.

मग सेल वाचवण्याचं घरगुती शास्त्र तयार झालं. कॅसेट मागे-पुढे करताना मोटर फार खाते, म्हणून ते काम सहा पैलूंच्या पेन्सिलीकडे. चाकाच्या दातांत पेन्सिल खुपसायची आणि कॅसेट गरगरा फिरवायची. उतरलेले सेल गच्चीवर उन्हात. उन्हानं सेल भरत नाही, आतल्या रासायनिक क्रियेला उबेनं थोडा हुरूप येतो एवढंच. पण त्या उधारीवर दोन-तीन गाणी निघायची. सेल दातांनी चावणाऱ्यांचाही एक पंथ होता, आमचा धाकटा त्यातला. शिवाय सेलची उतरंड असे: वॉकमननं टाकलेले ट्रान्झिस्टरला, ट्रान्झिस्टरनं टाकलेले भिंतीवरच्या घड्याळाला. घड्याळाची भूक इतकी कमी की आम्ही मेलेले ठरवलेले सेल तिथं महिनोन्‌महिने टिकटिकत राहत. आज वाटतं, बॅटरीचं व्यवस्थापन म्हणून जे काही मी नंतर शिकलो, त्यात या उतरंडीइतकं शहाणपणाचं काही नव्हतं.

त्याच सुमारास वडिलांच्या एका डॉक्टर मित्रांकडे मी सोनीचा वॉकमन प्रोफेशनल पाहिला. डब्ल्यूएम-डी६सी, १९८४ चं मॉडेल. दोन नव्हे, चार सेल खाणारा. मोटरचा वेग क्वार्ट्‌झनं बांधलेला, त्यामुळे गायक घोगरा होण्याची सोयच नाही. आमचं शहर हे गायक नाथराव नेरळकरांचं. इथं गाणं मनापासून ऐकणारी मंडळी कमी नव्हती, आणि डॉक्टरकाका त्यातले. घरगुती बैठकीला ते हे यंत्र आणि खिशात सेलची नवी कोरी चौकडी घेऊन बसत. मध्यंतरात चहा यायच्या आधी सेल बदलत, जुने अर्धे शिल्लक असले तरी. ‘विलंबित अर्ध्यावर तुटला तर तो परत गातील का?’ असं म्हणत. अर्धे उरलेले सेल आम्हाला मिळत, म्हणून बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी न चुकता वडिलांबरोबर जायचो.

महागड्या यंत्राच्या हौशीचं बी तिथं पडलं. यंत्रं मात्र सगळी बाहेरून यायची. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, घरोघरी त्याचे टीव्ही होते, पण खिशातलं गाणं जपानचंच. आणि तिकडे जपानात १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. अकिरा योशिनो यांना त्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं, गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम यांच्यासह. सुरुवातीला ही बॅटरी कॅमकॉर्डरमध्ये बसली. आपल्या पेन्सिल सेलचं राज्य ती खालसा करणार आहे, याचा गुलमंडीवरच्या दुकानदाराला पत्ता नव्हता, मला तरी कुठून असणार?

आयपॉड आला २३ ऑक्टोबर २००१ ला. पाच जीबीची इवलीशी हार्ड डिस्क, बॅटरी दहा तासांची. त्यातली खुबी मला फार आवडते. डिस्क सतत फिरत राहिली असती तर बॅटरी दुपारपर्यंत संपली असती. म्हणून आत ३२ एमबीची मेमरी ठेवली. डिस्क एकदा फिरून वीसेक मिनिटांचं गाणं त्या मेमरीत ओतायची आणि झोपी जायची. पेन्सिलीनं कॅसेट फिरवणाऱ्याला हे लगेच पटावं.

माझ्यासाठी १६० जीबीचा आयपॉड क्लासिक २०१० मध्ये चुलतभावानं अमेरिकेहून आणला. एका चार्जिंगला ३६ तास, असं खोक्यावर. ते आकडे मी औरंगाबादेत अक्षरशः मोजले, कारण ते दिवस भारनियमनाचे होते. वीज मंडळाचे तुकडे होऊन २००५ मध्ये महावितरण झालेलं, पुढे २०११ पासून तीन-साडेतीन वर्षं शहराची वीज जीटीएल या खासगी कंपनीकडे. फलक कोणाचाही असो, घरात वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. वीज गेली की कूलर गप्प, टीव्ही गप्प, आणि गच्चीवर सतरंजी टाकून मी कुमार गंधर्व ऐकत पडलेला. आख्ख्या गल्लीत वाजणारी ती एकच गोष्ट, आणि तीही फक्त माझ्या कानात. स्वार्थी सुख होतं ते, नाकारत नाही. चाकावरून अंगठा फिरवला की पडदा उजळतो आणि बॅटरी खाल्ली जाते, म्हणून दिवसाच यादी लावून ठेवायचो आणि रात्री यंत्राला हात लावत नसे.

आयपॉडला झाकण नव्हतं. म्हणजे सेलचं, बोटानं सरकवायचं ते झाकण. न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या भावांनी २००३ मध्येच यावर छोटी फिल्म करून बोंब मारली होती: बॅटरी बदलून मिळत नाही, नवा आयपॉड घ्या म्हणतात. प्रकरण कोर्टात गेलं, २००५ मध्ये तडजोड झाली, ग्राहकांना ५० डॉलरची कुपनं वगैरे मिळाली. झाकण काही परत आलं नाही.

त्यानंतर गाणं फोनमध्ये गेलं आणि वेगळा प्लेअर बाळगणारे आम्ही हास्यास्पद ठरलो. पण २०१२ मध्ये कोरियातून अॅस्टेल अँड कर्नचा एके१०० आला, त्याच सुमारास चीनचे फियो आणि आयबासो. सोनीनं २०१६ मध्ये काढलेला डब्ल्यूएम१झेड तर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या ठोकळ्यात होता. वजन ४५५ ग्रॅम, अमेरिकेत किंमत ३,२०० डॉलर. खिशात ठेवला तर पायजम्याची नाडी दगा देईल. मीही २०१९ मध्ये एक महागडा प्लेअर घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढचं रडगाणं तिच्या एकटीचं नाही. किंमत ऐकून बायको एवढंच म्हणाली, ‘यात डबल डोअर फ्रिज आला असता, आणि तो चार्ज करावा लागत नाही.’

आवाजाबद्दल तक्रार नाही. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता येतील इतका स्वच्छ. पण जाहिरातीतले तास साध्या सीडी दर्जाच्या फाइली, पडदा बंद, वायफाय बंद, अशा संन्यस्त अवस्थेतले असतात. ब्लूटूथवर एलडॅक कोडेक लावा, जड डीएसडी फाइल लावा, ३०० ओहमचा हेडफोन जाड बॅलन्स्ड जॅकमध्ये खुपसा, की त्या तासांतले निम्मे कुठं गेले ते कळत नाही. त्यात आत अँड्रॉइड. आपण झोपलो तरी ते काहीतरी कुरतडत बसतं.

आणि मी वागलो जुन्या पिढीसारखा. ‘पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नये’ हा सल्ला निकेल-कॅडमियम सेलचा. अर्धाच उतरवून पुन्हा पुन्हा भरला तर तो तेवढंच लक्षात ठेवायचा. लिथियम बॅटरीचं उलटं. तिला रिकामं होणंही सोसत नाही आणि तुडुंब भरून राहणंही. ४.२ व्होल्टला भरून ठेवली की आतलं द्रावण इलेक्ट्रोडला हळूहळू खात राहतं, त्यात उकाडा मिळाला की वेग वाढतो, वायू धरतो. वीस आणि ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवावी, वापरायची नसेल तर निम्मी भरून सावलीत. हे सगळं मी वाचलं, पण २०२० च्या टाळेबंदीनंतर. तोवर महिनोन्‌महिने प्लेअर टेबलावर, लॅपटॉपला जोडलेला, शंभर टक्क्यांवर बसून होता. वरची खोली पत्र्याची, एप्रिलपासून पारा चाळिशीपार. मराठवाड्यात लोणचंसुद्धा आम्ही असं ठेवत नाही.

मे २०२२ मध्ये मागचं पॅनल एका कडेनं उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. अधिकृत केंद्रानं सांगितलं, भाग येत नाही. आला तर बोर्डासकट बदलावा लागेल, आणि त्या खर्चात अजून थोडे घातले की नवीन येतो. बाहेरून सेल मागवावा तर तेही अवघड, कारण सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून मालाच्या रूपात पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. त्याच महिन्यात, १० मे ला, अॅपलनं आयपॉडचा कारभार संपल्याचं जाहीर केलं होतं. मी फुगलेला प्लेअर रुमालात गुंडाळून पैठण गेटला गेलो.

मोबाइल दुरुस्तीच्या ओळीतलं चार फुटी दुकान. मी पॅनल बोटानं चेपायला गेलो तसा तो पोरगा ओरडला, ‘हल्लू, सर! दबाना नक्को!’ हीटगन लावून, गिटारच्या पिकसारखी प्लॅस्टिकची पट्टी फिरवून त्यानं गोंद सोडवला. चपटा सेल पापडासारखा फुललेला. जाडी, लांबी, रुंदी मोजली, मग छापील अक्षरं भिंगातून वाचली: ४.३५ व्होल्ट. हे त्यानं मला दोनदा दाखवलं. असा सेल भरणाऱ्या यंत्रात साधा ४.२ चा घातला तर रोज गरजेपेक्षा जास्त भरला जाईल आणि एक दिवस पेट घेईल. तीन डबे धुंडाळून त्यानं जुळणारा काढला, जरासा लहान, जुनं संरक्षक सर्किट त्याला डाखलं. बाराशे रुपये. ज्या वस्तूत फ्रिज आला असता तिचा जीव बाराशे रुपयांत होता, आणि तो काढायला आपल्याला परवानगी नव्हती, याचा राग मला अजून येतो. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक हातातल्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला साध्या हत्यारांनी बदलता आली पाहिजे, असा नियम झालाय. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं. त्यावर माहिती मिळते. सेल पैठण गेटलाच मिळतो.

नव्या सेलशी टक्क्यांचं जमलं नाही. आतली मोजणीची चिप जुन्या सेलच्या हिशेबात अडकलेली. तीस टक्के दाखवत असताना पडदा एकदम काळा होतो. घोगरा आवाज नाही, दमणं नाही, तान हवेतच तुटते. म्हणून आता मी टक्के बघत नाही. भरल्यापासून किती ऐकलं ते मोजतो: दोन मोठे ख्याल, एक नाट्यसंगीताची यादी, मग चार्जर.

पॅनल चिकटवायच्या आधी त्या पोरानं काळ्या मार्करनं सेलवर तारीख घातली होती, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घालतात तशी. ‘तीन साल चलेगी, सर. फिर आव.’ तीन वर्षं होऊन गेली. तारीख आत आहे, वर गोंद.