पेसो

‘वजन’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द. स्पेनच्या साम्राज्यातील एका चांदीच्या नाण्याचे व पुढे त्या साम्राज्यातून बाहेर पडलेल्या अनेक देशांच्या चलनांचे नाव. तोलणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून बनलेल्या ‘पेन्सुम’ (तोललेले) या शब्दावरून तो आला. पैसा मोजून नव्हे, तर तोलून घेण्याच्या काळाची खूण या नावात आहे. पौंड व लिरा या चलननामांचे मूळही असेच वजनात सापडते.

स्पॅनिश लोक अमेरिकेत प्रथम वसले, तेव्हा तेथे नाण्यांची टंचाई होती. सोन्याचे ठरावीक वजन हेच हिशेबाचे परिमाण ठरले व त्यास ‘पेसो दे ओरो’ (सोन्याचा पेसो) म्हणत. चांदीच्या पेसोची घडण 1497 मधील स्पेनच्या नाणेसुधारणेवर आधारलेली आहे. तीनुसार 34 माराव्हेदींचा एक रेआल ठरला. आठ रेआलांचे, म्हणजे 272 माराव्हेदींचे, नाणे पेसो म्हणून रूढ झाले. त्याचे वजन सु. 27.5 ग्रॅ. असून त्यात सु. 25.5 ग्रॅ. शुद्ध चांदी असे. मेक्सिको शहरात 1535 मध्ये टाकसाळ स्थापन करण्यात आली. सध्याच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे 1545 मध्ये चांदीच्या खाणी सापडल्या. या खाणींत ‘मिता’ या सक्तीच्या मजुरीच्या पद्धतीने अँडीज पर्वतातील मूळ रहिवाशांना राबविले जाई व त्यांत असंख्य माणसे बळी पडली. पेसोचा जगभर झालेला प्रसार या श्रमांवर उभा होता.

हे नाणे मनिलामार्गे चीनमध्ये व यूरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून भारतात येई. सुरतेस उतरलेले रेआल मोगल टाकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडीत. येथे नाण्यावरील राजमुद्रेस किंमत नव्हती, ती धातूच्या वजनास होती. म्हणजे पेसो हा शब्द आपल्या मूळ अर्थानेच व्यवहारात होता. उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत हेच नाणे ‘स्पॅनिश डॉलर’ म्हणून चाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी 1792 च्या कायद्याने आपल्या डॉलरचे मूल्य त्यावरून निश्चित केले व 1857 पर्यंत ते तेथे कायदेशीर चलन होते. त्याच्या अष्टमांशास ‘बिट’ म्हणत. त्यामुळे 25 सेंटांना ‘दोन बिट’ म्हणण्याची रीत पुढेही टिकली. 1957 मध्ये दशमान नाणी आल्यावरही महाराष्ट्रात 25 पैशांना ‘चार आणे’ म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

पेसोच्या संक्षेपाचा इतिहास नावाहून अधिक लक्षणीय आहे. हिशेबाच्या वह्यांत पेसोच्या अनेकवचनासाठी पी हे अक्षर व त्याच्या डोक्याशी लहान एस लिहीत. घाईने लिहिताना ही दोन्ही अक्षरे एकमेकांवर येऊ लागली, पीचा वरचा वळसा गळाला व त्याचा उभा दंड एसमध्ये उरला. आज डॉलरचे म्हणून ओळखले जाणारे $ हे चिन्ह अशा रीतीने तयार झाले. गणितेतिहासकार फ्लोरिअन कॅजोरी यांनी जुन्या हस्तलिखितांच्या आधारे हे मत मांडले. 1770 नंतरच्या दशकातील ऑलिव्हर पोलॉक या न्यू ऑर्लीअन्समधील व्यापाऱ्याच्या कागदपत्रांत या स्थित्यंतराचे पुरावे मिळतात. पेसोवरील हर्क्युलीझच्या दोन स्तंभांपासून हे चिन्ह निघाले, ही उपपत्ती लोकप्रिय असली, तरी तिला लेखनाचा असा पुरावा नाही. मेक्सिको, चिली, कोलंबिया इ. देश आपल्या पेसोसाठी हेच चिन्ह वापरतात. ते डॉलरचे उसने चिन्ह वापरतात, हा समज उलटा आहे. फिलिपीन्समध्ये मात्र पी या अक्षरावर दोन आडव्या रेघा देतात व चलनास फिलिपिनो भाषेत ‘पिसो’ म्हणतात.

अर्जेंटिना, उरुग्वाय, कोलंबिया, क्यूबा, चिली, डोमिनिकन प्रजासत्ताक, फिलिपीन्स व मेक्सिको या आठ देशांचे चलन आज पेसो आहे. काहींनी ते नाव टाकले : ग्वातेमालाने 1925 मध्ये केत्साल, होंडुरासने 1931 मध्ये लेम्पिरा व पॅराग्वायने 1943 मध्ये ग्वारानी हे नाव घेतले. केत्साल हा पक्षी, लेम्पिरा हा स्पॅनिशांशी लढलेला स्थानिक नायक व ग्वारानी ही तेथील मूळ जमात. या निवडीतील हेतू स्पष्ट आहे.

नाव टिकले तेथेही वजन टिकले नाही. अर्जेंटिनात 1970 ते 1992 या काळात चलन चार वेळा बदलले व एकूण तेरा शून्ये पुसली गेली. मेक्सिकोत 1993 मध्ये 1,000 जुन्या पेसोंचा एक ‘नवा पेसो’ करण्यात आला. 1996 मध्ये ‘नवा’ हे विशेषण गळले. पण आंतरराष्ट्रीय चलनसंकेतातील एमएक्सपी या जुन्या अक्षरांऐवजी आलेले एमएक्सएन तसेच राहिले व त्यातील एन हे अक्षर ‘नुएव्हो’ (नवा) या शब्दाची आठवण देते. खुद्द स्पेनमध्ये 1868 मध्ये पेसेता हे राष्ट्रीय चलन झाले. ‘पेसो दुरो’ (कठीण पेसो) या जुन्या नावातील उत्तरार्ध तेवढा तेथे उरला व पाच पेसेतांच्या नाण्यास लोक ‘दुरो’ म्हणत. 2002 मध्ये यूरोची नाणी व नोटा आल्यावर तेही नाणे व्यवहारातून गेले.