भेंडी बाजार : खाण्यापलीकडचा मोहल्ला

आजरा तालुक्यातल्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी मुंबईला नोकरीधंद्याला असतं. ईदला चाचा किंवा मामू गावी आले की पिशवीतून अफलातूनचा डबा निघतो. त्यामुळे आपल्या मुलांना भेंडी बाजार म्हणजे मिठाई आणि कबाब एवढंच ठाऊक. पण याच मोहल्ल्याच्या नावाने हिंदुस्थानी संगीतातलं एक घराणं ओळखलं जातं, हे किती घरांत सांगितलं जातं? मेच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन मुद्दाम तिकडे गेलो.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरलो. स्टेशनपासून क्रॉफर्ड मार्केट चालत जाण्याइतकं जवळ. १८६९ साली सुरू झालेलं हे मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथून उत्तरेला मोहम्मद अली रोड लागतो. या रस्त्यावर पायीच फिरावं. डोक्यावरच्या जे. जे. उड्डाणपुलावरून गाडीने गेलं तर खालचा मोहल्ला दिसतच नाही. अत्तरं, टोप्या, तसबीह, खजूर, उर्दू किताबं, एकाला लागून एक दुकान. मिनारा मस्जिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री मालपुवा, फिरनी आणि नल्ली निहारीसाठी पाय ठेवायला जागा नसते. बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइस्क्रीम १८८७ पासूनचं. तिथे आजही हाताने फिरवायच्या संच्याची परंपरा आहे.

भेंडी बाजार हे नाव कसं पडलं? कुणी म्हणतं, इथे भेंडीची झाडं होती. कुणी म्हणतं, किल्ल्यातले इंग्रज या वस्तीला ‘बिहाइंड द बझार’, म्हणजे बाजारामागची वस्ती म्हणत, त्याचं लोकांनी भेंडी बाजार केलं.

तीन भावांचं घराणं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरादाबाद भागातल्या बिजनौरहून छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ मुंबईत आले आणि या वस्तीत राहिले. पुढे त्यांच्या गायकीलाच भेंडी बाजार घराणं म्हणू लागले. दमसास ही तिची एक ओळख : एका श्वासात लांबलचक जागा गाऊन जायची. दुसरी ओळख मेरुखंडाची. ठरावीक स्वर घ्यायचे आणि त्यांचा क्रम बदलत जायचा. सा, रे, ग हे तीन स्वर सहा प्रकारे मांडता येतात. चार स्वर चोवीस प्रकारे आणि सात स्वर तब्बल ५०४० प्रकारे! मुलांनी रस्त्यात उभं राहून बोटांवर सहा प्रकार मोजले. गणिताच्या तासाला हेच उदाहरण दिलं तर वर्ग सहसा विसरणार नाही.

या उस्तादांनी शिकवताना जातधर्म पाहिला नाही. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी कर्नाटक संगीतातला हंसध्वनी राग उत्तरेकडे रुजवला. लता मंगेशकर यांनी काही काळ त्यांच्याकडे तालीम घेतली. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या गाण्यावरही त्यांची छाप पडली. पुण्यात पंडित त्र्यंबकराव जानोरीकरांनी ही गायकी पुढे शिकवली.

संगीताबद्दल आपल्या घराघरांत मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात आम्ही शिरत नाही. पण आपल्या वडीलधाऱ्यांनी काय मेहनत केली आणि कुणाकुणाला शिकवलं, हा इतिहास मुलांना सांगायला हवा.

बदलता मोहल्ला

आम्ही दोनतीन दुकानदारांना या गवय्यांबद्दल विचारलं. एका बुजुर्गांनी आपुलकीने उलट विचारलं, “शादीसाठी बँडवाले हवेत का?” त्यांचं तरी काय चुकलं? आता तर मोहल्लाच बदलतो आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं दगावली. अशा जुन्या, धोकादायक इमारती पाडून सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट सुमारे साडेसोळा एकरांवर नवी वस्ती उभारत आहे. हे काम गरजेचंच आहे, माणसांचा जीव आधी. पण घरं नवी झाली की जुन्या आठवणींना जागा उरत नाही. त्या तोंडी सांगूनच टिकवाव्या लागतात.

तुम्ही जाल तेव्हा सकाळी बाजार आणि संध्याकाळी खाणं असा बेत ठेवा. बोहरा समाजाचा संगमरवरी रौदत ताहेरा पाहा. त्याच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुरआन कोरलेलं आहे. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुने ग्रामोफोन आणि तबकड्या मांडलेल्या दिसतात. मात्र शुक्रवारी ही दुकानं बंद असतात. तिथे मुलांना दोन मिनिटं थांबवा आणि बिजनौरच्या तीन भावांची गोष्ट सांगा. निहारी त्यानंतर खाल्ली तरी चालेल.