एक साचा, अनेक पानं



करंजीच्या साच्यात सारण खोबऱ्याचं भरा नाहीतर पुरणाचं, आकार आणि कडेची नक्षी तीच येते. वेबसाइटच्या पानांनाही असाच साचा असतो. त्याला टेम्पलेट म्हणतात. आपले बरेच गट आता पापड-मसाल्यांची वेबसाइट करून घेतात, म्हणून आज आम्ही या साच्याबद्दल बोलणार आहोत.

वेबसाइटसाठी वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. ते २००३ साली आलं. ते मोफत आहे आणि मराठीतही चालतं. वेबसाइटचं नाव आणि जागा यांचे पैसे मात्र दरवर्षी भरावे लागतात.

संगणकाला हात लावण्याआधी कागद घ्या आणि दोन याद्या करा. पहिली यादी सगळ्या पानांवर सारखं राहील त्याची: गटाचं नाव, चिन्ह, फोन नंबर, पत्ता, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. दुसरी यादी पानागणिक बदलेल त्याची: फोटो, वजन, किंमत, घटक.

पहिली यादी साच्यात जाते. वरच्या पट्टीला हेडर म्हणतात, खालच्या पट्टीला फूटर. मध्ये मजकुराचा ब्लॉक असतो, तिथे त्या त्या पानाची माहिती दिसते. तो ब्लॉक साच्यातून काढू नका, नाहीतर पानावरचा मजकूरच दिसणार नाही. आणि किंमत साच्यात लिहू नका, नाहीतर पापडाचा भाव मसाल्याच्या पानावरही दिसेल.

याचा फायदा काय? समजा, फोन नंबर बदलला. तो फूटरमध्ये एकदा बदलला की सगळ्या पानांवर बदलतो. तीस पानांवर हाताने लिहिलेला असेल तर एखाद्या पानावर जुना राहतो आणि ऐन दिवाळीत गिऱ्हाईक बंद नंबरवर फोन लावून थकतं.

ब्लॉक थीम निवडली असेल तर हे सगळं एडिटरमध्ये कोड न लिहिता करता येतं. फोटो आणि माहिती शेजारी-शेजारी दोन रकान्यांत ठेवली असेल, तर मोबाइलवर ते रकाने एकाखाली एक येतील अशी सोय तिथेच आहे. ती चालू ठेवा आणि पान स्वतःच्या फोनवर उघडून बघा. आपलं गिऱ्हाईकही बहुतेक फोनवरच बघणार आहे.

वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, पण ॲडमिनचा पासवर्ड गटाकडे असू द्या आणि साचा बदलायला निदान दोघींनी शिकून घ्या. म्हणजे भाव किंवा नंबर बदलायला कुणाची वाट बघावी लागणार नाही.