हिरा ऐरणीवर फुटतो

काचीगुड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतली मानी माणसं अंगठीतली हिरकणी खाऊन प्राण देतात. हिऱ्यात खरंच विष असतं का?

नसतं. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. पोटातल्या आम्लाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. उत्तर इतकंच आहे. पण हा प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात छापलेल्या एका पुस्तकात आला होता आणि तिथला पुरावा आपल्या दख्खनच्या खाणींतला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही समजूत आपल्यापुरती नव्हती. 1539 साली बेन्वेनुतो चेल्लीनी हा थोर सोनार आणि शिल्पकार रोमच्या सांत आंजेलो किल्ल्यात कैदेत होता. त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे की, एकदा जेवताना दाताखाली काहीतरी करकरलं. शत्रूंनी अन्नात हिऱ्याची पूड कालवली, आता आपण संपलो, असं त्याला वाटलं. मग उरलेला एक कण खिडकीच्या दगडावर ठेवून त्याने सुरीने दाबला. कणाचा भुगा झाला आणि चेल्लीनीच्या जिवात जीव आला. भुगा झाला, म्हणजे तो हिरा नव्हे! त्याने दिलेला खुलासाही वाचण्यासारखा आहे: पूड करायला दिलेला हिरा कारागिराने गरिबीपोटी स्वतःकडे ठेवला आणि दुसराच स्वस्त खडा कुटून दिला. सगळी हयात रत्नांत घालवलेल्या माणसाचीही खात्री होती की हिरा पोटात गेला असता तर आपण मेलो असतो.

हिऱ्याबद्दलची दुसरी समजूत याहून जुनी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहिलं की ऐरणीवर हिरा ठेवून घण घातला तर लोखंड फुटेल, हिरा फुटणार नाही. त्याला नमवायचं तर बोकडाचं ताजं, कोमट रक्तच हवं. पुढची दीड हजार वर्षं युरोपातले विद्वान हे उतरवून घेत राहिले. घणाखाली टिकणारा हिरा तुकोबांच्या अभंगातही आहे. तिथे तो खऱ्या माणसाचं रूप आहे आणि म्हणून शोभतो. पण त्या भरवशावर हिरा पारखायला जाऊ नये. या परीक्षेपायी किती अस्सल हिऱ्यांचा चुरा झाला असेल, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि दोघांची चांगली मैत्री जमली. 1563 साली गोव्यात छापलेलं त्याचं पुस्तक संवादरूपात आहे. रुआनो नावाचं काल्पनिक पात्र स्पेनच्या विद्यापीठांतलं पुस्तकी ज्ञान घेऊन येतं, प्रश्न विचारतं आणि ओर्ता उत्तरं देतो. हिऱ्याचा विषय निघाल्यावर तो स्पष्ट सांगतो की हिरा हातोडीने सहज फुटतो आणि बोकडाच्या रक्ताची गोष्ट खोटी आहे. विषाचं म्हणाल, तर चोरी पचवायला हिरा गिळणाऱ्या गुलामांना काहीही होत नाही.

कठीण असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढू शकतो, हे त्याचं काठिण्य. पण तांदूरच्या फरशीला कडेने छिन्नी लावून ठोका दिला की ती जशी थरावर सुटते, तसा हिराही ठरावीक पातळ्यांवर दुभंगतो. फरशीचे थर एकाच दिशेचे, हिऱ्यात मात्र अशा चार दिशा आहेत. त्या पातळ्यांमध्ये कार्बनचे अणू एकमेकांना तुलनेने कमी बंधांनी जोडलेले असतात, म्हणून घाव तिथे लागू पडतो. पैलू पाडणारे या गुणावर पोट भरत आले आहेत.

प्लिनीला खोटं पाडल्याचं श्रेय ओर्ताला मिळतं आणि ते त्याचं आहेच. पण हिरा फुटतो हे दख्खनमध्ये कोणाला नवं होतं? ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याचा प्रवासग्रंथ 1676 साली निघाला. त्यात गोवळकोंड्याहून पाच दिवसांच्या वाटेवरच्या रावलकोंडा खाणीचं वर्णन आहे. खडकांतल्या चिंचोळ्या भेगांमधली माती काढायला मजूर लोखंडी पहारींचे जबर घाव घालत आणि त्या दणक्याने आतल्या हिऱ्यांना तडे जात, असं तो लिहितो. घावाने हिरा भंगतो, हे त्या मजुरांच्या रोजच्या कामातलं ज्ञान होतं. अंगावर लंगोटीखेरीज काही नसल्याने ते खडा गिळून लपवायचा प्रयत्न करत, हेही त्याने नोंदवलं आहे. एकाने तर डोळ्याच्या कोपऱ्यात लपवला होता. कसबी मजुराची कमाई होती वर्षाला तीन होन. हिऱ्यांच्या जगप्रसिद्ध इतिहासात यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. मला ओर्ताइतकेच तेही प्रयोगकर्ते वाटतात.

आणि ओर्ता चुकलासुद्धा. उपसलेल्या जमिनीत दोन-तीन वर्षांत पुन्हा हिरे तयार होतात, असं त्याने लिहून ठेवलं. प्रत्यक्षात हिरे जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतात. गोवळकोंड्याच्या नावाने ओळखले जातात तसे मोठे, स्वच्छ हिरे तर 360 ते 750 किलोमीटर खोलीवरचे असावेत, असं 2016 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. आंध्रातल्या वज्रकरूरला ज्या खडकांनी हिरे वर आणले, ते सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

तरी ओर्ताची चूक कशी झाली असावी याचा अंदाज मला दर जूनमध्ये येतो. कर्नूलकडच्या जोन्नगिरी, तुग्गलीच्या शेतांत वळवाचा पाऊस पडला की लांबलांबून माणसं येतात आणि मान खाली घालून ओली माती न्याहाळत फिरतात. तशी बातमी आणि फोटो आपल्या वर्तमानपत्रांत येतातच. गेल्या वर्षी पिंजून काढलेल्या शेतात यंदा पुन्हा एखादा खडा चमकतो. पावसाने वरची माती धुऊन नेलेली असते, तळचा खडा उघडा पडलेला असतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा नवाच पिकला.