हिशेबाची वही सासूबाईंकडेच राहू द्या

दूधवाल्याचा हिशेब गेली तीस वर्षं आमच्या सासूबाईंकडे. एका महिन्यात दोनदा आकडा चुकला आणि मी वही माझ्या ताब्यात घेतली. "आई, तुम्ही आता आराम करा," असं वर प्रेमानं म्हटलंही! मग भाजी निवडणं गेलं, संध्याकाळचं देवळात जाणं गेलं. (रहदारी फार, हे आमचं निमित्त.) वर्षभरात त्या नुसत्या खिडकीशी बसून राहू लागल्या. तेच तेच विचारू लागल्या. 'वय झालं' म्हणून आम्ही मोकळे!

डॉक्टरांनी मात्र आधी कान तपासायला सांगितले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. निम्मं बोलणं पोचतच नव्हतं, मग लक्षात राहणार कुठून?

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. वय काही आपल्या हातात नाही. पण २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानं आपल्याला काही करता येईल अशी चौदा कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा अंदाज. कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि त्यावर उपचार न करणं, एकटेपणा, बैठी राहणी, मधुमेह, धूम्रपान ही त्यातली काही.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना नुसता सल्ला. बाकीच्यांना योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबावर लक्ष. २०१५ मध्ये निकाल आला, तेव्हा दुसऱ्या गटाची बुद्धी जास्त तल्लख ठरली.

आणि मैत्रिणींनो, हे फक्त सासूबाईंचं नाही हं! वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा धोका आपल्या चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या आठवणीनं देणाऱ्या आपण स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?

कानाच्या यंत्राला आमच्या आई आधी तयारच नव्हत्या. "शिट्टी वाजते गं त्यात," म्हणून ते कपाटात पडून राहायचं. दुकानदाराकडून दोनदा नीट बसवून आणलं, तेव्हा कुठे सवय झाली. त्या अजून कधी कधी तेच विचारतात. पण शेजारच्या काकूंबरोबर देवळात जातात, आणि वही परत त्यांच्याकडे आहे. गेल्या महिन्यात दूधवाल्यानं दोन लिटर जास्त लावलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही, त्यांनी पकडलं!