कॅमेरा घ्यायचा तो खोक्यासकट

2007 मध्ये जेम्स बेलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना इथल्या हिमनद्यांसमोर दोन डझनांहून अधिक कॅमेरे खोक्यांत बंद करून खडकांना जखडून ठेवायला सुरुवात केली. उपक्रमाचं नाव ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’. कॅमेरा होता निकॉन डी200, 10 मेगापिक्सेलचा, तेव्हा कुठल्याही बऱ्या दुकानात मिळणारा. दिवसाउजेडी तासा-अर्ध्या तासाला एक असे वर्षाला सुमारे 8,000 फोटो प्रत्येक कॅमेऱ्याने आपले आपण काढायचे होते आणि महिनोन्‌महिने तिकडे कुणी फिरकणार नव्हतं. पहिल्या फेरीला माणसं फोटो आणायला गेली, तर काही खोक्यांतून जवळपास काहीच हाती लागलं नाही. दगा दिला होता तो कॅमेऱ्याला ठरल्या वेळी उठवणाऱ्या टायमरच्या सर्किटने. ते नव्याने बनवून घ्यावं लागलं. 2012 च्या ‘चेसिंग आइस’ या माहितीपटात ही सगळी कथा आहे.

वर्ष-दोन वर्षं उघड्यावर राहणारा कॅमेरा निवडताना लोक सेन्सर आणि मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. आधी वीज बघावी.

छोट्या यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. तिच्यात 84 वॉट-अवर वीज मावते. पण अशी शिसे-आम्लाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नसते. म्हणजे वापरायला मिळाले 42. कॅमेरा सतत जागा राहून दोनच वॉट खात असेल, तरी दिवसाचे 48 झाले. एक ढगाळ दिवस आला की सोलर पॅनल असूनही खेळ खलास! तोच कॅमेरा दोन फोटोंच्या मधे झोपत असेल आणि त्याचा सरासरी खर्च 0.1 वॉटवर येत असेल, तर तीच बॅटरी उन्हाशिवाय सतरा दिवस निघते. आषाढातल्या झडीत हा फरक निर्णायक ठरतो. म्हणूनच जुने डीएसएलआर या कामात अजून टिकून आहेत. ते झोपेत नावापुरती वीज खातात आणि टायमरने इशारा करताच क्षणात जागे होतात. मिररलेस कॅमेऱ्याला शटरच्या झिजेची धास्ती कमी, कारण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये काही हलतच नाही. पण तो झोपतो कसा आणि उठतो कसा, हे मॉडेलगणिक तपासावं लागतं.

दुसरी गोष्ट सातत्याची. अमेरिकेत 2008 पासून ‘फेनोकॅम’ नावाचं कॅमेऱ्यांचं जाळं जंगलांवर आणि गवताळ रानांवर नजर ठेवून आहे. पालवी कधी फुटली, पानं कधी पिवळी पडली, हे वर्षानुवर्षं मोजायचं. त्यासाठी त्यांनी निवडलेला कॅमेरा होता 1.3 मेगापिक्सेलचा! दर अर्ध्या तासाला एक फोटो, आणि त्यातल्या लाल, हिरव्या, निळ्याच्या बेरजेत हिरव्याचा वाटा किती, एवढाच हिशेब. तिथे एका गोष्टीवर तडजोड नाही: व्हाइट बॅलन्स कायमचा एका जागी बांधलेला. तो ऑटोवर सोडला की पानं पिवळी पडू लागताच कॅमेरा आपल्या शहाणपणाने रंग ‘सुधारतो’ आणि मोजायची तीच गोष्ट पुसून टाकतो. सुंदर फोटोसाठी बनवलेल्या यंत्राची ही हुशारी इथे नडते. ऑटोफोकस बंद, लेन्समधलं स्थिरीकरण बंद, फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी.

लेन्सच्या झडपेचंही (अ‍ॅपर्चरचंही) तसंच. डीएसएलआर दर फोटोला ती झडप मिटून पुन्हा उघडतो आणि प्रत्येक वेळी ती केसभर कमी-जास्त मिटते. एकेका फोटोत ते कळत नाही, पण सगळे जोडून चित्रफीत केली की उजेड लुकलुकतो. यावर हाताने झडप फिरवायची जुनी लेन्स हा स्वस्तातला आणि खात्रीचा इलाज आहे.

किती वेळाने फोटो, हे कॅमेऱ्याला नव्हे तर विषयाला विचारावं. रोज दहा तास, तासाला एक, म्हणजे वर्षाचे 3,650 फोटो. सेकंदाला 25 या वेगाने अडीच मिनिटांची फीत होते. पुलाच्या बांधकामाला ते पुरे. पण 28 मे 2008 रोजी ग्रीनलंडच्या इलुलिसाट हिमनदीचा सुमारे 7.4 घन किलोमीटर बर्फ 75 मिनिटांत तुटला. अर्ध्या तासाला एक फोटो काढणाऱ्या खोक्याला तो दोन-तीन चौकटींतच दिसला असता. ते दृश्य मिळालं, कारण बेलॉग यांचे दोन सहकारी तंबू ठोकून कॅमेऱ्यांमागे बसून होते.

ग्रीनलंडमधलं खोकं जसंच्या तसं आपल्याकडे चालत नाही. तिथला शत्रू थंडी, इथे ऊन आणि दमट हवा. बहुतेक कॅमेऱ्यांना कंपनीने 40 अंशांची मर्यादा घातलेली असते. मे महिन्यात विदर्भात सावलीतलीच हवा ती ओलांडते, बंद खोक्यात तर बोलायलाच नको. खोक्यावर चार बोटं अंतर सोडून दुसरा पांढरा पत्रा ठोकला की बराच फरक पडतो. उन्हाची तिरीप टाळायला फेनोकॅमचे कॅमेरे उत्तरेकडे तोंड करून लावतात. तो नियम इथेही चालतो, फक्त एक लक्षात ठेवायचं: पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि काचेवर वरून ऊन घसरतं. तेव्हा छज्जा जरा लांब हवा. जुलैत खोकं उघडून बंद केलं की ओली हवा आतच कोंडली जाते आणि रात्री काचेवर आतून दव धरतं. सिलिका जेल प्रत्येक फेरीला बदलायचं, नाहीतर लेन्सला बुरशी ठरलेली. बाहेरून कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी छज्ज्याखाली मातीचं घर बांधते. त्यावर फडकं मारायला माणूस पाठवणं एवढाच उपाय मला माहीत आहे.

पैसे असतील तर महाग एक घेण्यापेक्षा साधे सारखे दोन घ्यावेत. मधेच मॉडेल बदललं की रंग बदलतात आणि आधीच्या वर्षांशी तुलना तुटते. आणि डोंगरावर नेण्याआधी सगळा सरंजाम गच्चीवर लावून बॅटरीची वायर काढावी, आठवडाभर तशीच ठेवून परत जोडावी. कुठलंही बटण न दाबता पुढचा फोटो निघाला, तर ठीक. ‘तारीख आणि वेळ भरा’ असं स्क्रीनवर दाखवून कॅमेरा ताटकळत बसला, तर मुदतीत दुकानात परत करावा.