पिशवीचे ऑपरेशन : दुखणे सोसू नका, सांगा!

भगिनींनो, सटाणा-बागलाण भागात कांद्याच्या रानात राबणाऱ्या आपल्या आयाबायांना दुखणे अंगावर काढण्याची सवय लागली आहे. पोट उघडून गर्भपिशवी काढल्यावरही "बाईने एवढे सोसायलाच हवे" असे बजावले जाते. ही समजूत घातक आहे. टाके दुखतात म्हणून बाई खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, खाटेवरून उठत नाही. मग छातीत कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते. वेदना कमी करणे हे लाड नव्हेत, तो उपचारच आहे.

त्याचे मार्ग अनेक. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांची इंजेक्शने तीव्र दुखणे कमी करतात, पण मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ यांचा त्रास होतो. पाठीच्या मणक्यात बारीक नळी ठेवून औषध सोडण्याची एपिड्यूरल पद्धत हालचाल करतानाही चांगला आराम देते. मात्र रक्तदाब उतरू शकतो, पाय जड पडू शकतात आणि लक्ष ठेवणारी जाणकार माणसे लागतात. पोटाच्या स्नायूंच्या थरात किंवा टाक्यांच्या कडेला बधिरतेचे औषध टोचले, तर काही तास जखम कमी दुखते आणि गुंगी येत नाही. आतल्या अवयवांचे दुखणे मात्र त्याने थांबत नाही.

म्हणून आज एकाच औषधावर भिस्त ठेवत नाहीत. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकसारखे औषध ठरल्या वेळी देतात, जोडीला बधिरतेचे इंजेक्शन आणि मॉर्फिनसारखे औषध गरजेपुरतेच. पहिली दोन औषधे स्वस्त आहेत, लहान दवाखान्यातही मिळतात. मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणी राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा ऑपरेशन सटाण्यात होवो, मालेगावात होवो की नाशिकला, आधी दोन प्रश्न विचारा : हे ऑपरेशन खरेच लागते का? आणि नंतरचे दुखणे कसे आवरणार?

ऑपरेशननंतर दुखणे 0 ते 10 पैकी किती, ते नर्सबाईंना सांगा. दुखणे वाढत चालले, ताप आला, जखमेतून पू आला किंवा एक पाय सुजला, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. घरच्या पुरुषांनीही सुमारे सहा आठवडे हंडे-पाट्या स्वतः उचलाव्यात. न बोलता सोसण्यात मोठेपणा नाही. वेळेवर बोलण्यात शहाणपण आहे.